माझ्या जागी दुसरा गडी

ऊसतोडणीचा हंगाम आटोपला की लोहारा परिसरातल्या तांड्या-वस्त्यांवरची कुटुंबे परततात आणि आमच्या ओपीडीत एक तक्रार येऊ लागते. "डॉक्टर, पोरगं कुणात मिसळंना. खेळायला गेलं की मारामारी करून येतंय. टॉनिक द्या." असाच एक सात वर्षांचा मुलगा आईने आणला होता. वजन, हिमोग्लोबिन मी तपासतोच. पण दुखणे बहुधा तिथे नसते.

समोरच्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळे काही असू शकते, ही समज साधारण चार-पाच वर्षांच्या सुमारास येते. १९८३ मध्ये विमर आणि पेर्नर या मानसशास्त्रज्ञांनी मुलांना एक गोष्ट सांगितली. मॅक्सीने चॉकलेट एका कपाटात ठेवले. तो बाहेर गेल्यावर आईने ते दुसऱ्या कपाटात हलवले. परतल्यावर तो कुठे शोधेल? लहान मुले नवे कपाट दाखवतात. आपल्याला ठाऊक ते मॅक्सीलाही ठाऊक, असे त्यांना वाटते. मोठी मुले जुने कपाट दाखवतात. घरातल्या गप्पा, भातुकली, रुसवेफुगवे यांतून ही समज पक्की होते.

मग फडावर राहून आलेल्या मुलांत ती कमी असते का? मला तसे दिसत नाही. मुकादमाचा मूड, बापाची चिंता ही मुले चेहऱ्यावरून ओळखतात. तुटलेली असते ती सोबत. पाच-सहा महिन्यांत वर्गात जोड्या जुळलेल्या असतात, खेळाचे नियम बदललेले असतात. परतलेल्याला ते माहीत नाही, हे बाकीच्यांच्या लक्षातच येत नाही. गोष्ट मॅक्सीचीच, फक्त चुकणारे इथे दुसरे. शिक्का मात्र त्याच्यावर बसतो, भांडकुदळ म्हणून.

म्हणूनच मूल नातेवाइकांजवळ गावातच राहावे यासाठी असलेल्या हंगामी वसतिगृहांचा हिशेब नुसता जेवणाच्या ताटांत करू नये. ती टोळी निघण्याआधी सुरू झाली पाहिजेत; उशीर झाला तर मूल ट्रकमध्ये बसून गेलेले असते.

मात्र हाक मारल्यावर न पाहणारे, बोटाने काही न दाखवणारे, लुटुपुटूचे न खेळणारे मूल असेल, तर स्थलांतराला दोष देऊन थांबू नका. अंगणवाडीत, शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दाखवा.

त्या मुलाला मी विचारले, "भांडण कशावरून झालं रे?" तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मी नव्हतो तवा माझ्या जागी दुसरा गडी घेतला. मला कुणी सांगितलंच नाही."