बदलीच्या गावी गाडी नेताना

मैत्रिणींनो, बदलीचा हुकूम आला की आपण बायका आधी काय मोजतो? डबे, गाद्या, मुलांचे शाळेचे दाखले. गॅसचं पुस्तक हाताशी ठेवतो, देव वेगळ्या पेटीत घेतो. गाडीचे कागद मात्र ‘ह्यांचं खातं’ म्हणून सोडून देतो. मीही तेच केलं आणि त्याचा हिशेब शेवटी माझ्याच वहीत लिहावा लागला.

गेल्या मे महिन्यात ह्यांची सांगलीहून हुबळीला बदली झाली. सामान ट्रकमधून गेलं, आम्ही चौघं गाडीतून. निपाणी मागे टाकली आणि पुढच्या ट्रकमधून खडी उडाली ती थेट समोरच्या काचेवर. टक्! हरभऱ्याच्या डाळीएवढा टवका गेला. सासूबाई म्हणाल्या, “काचेवर निभावलं गं बाई.” हे म्हणाले, “नंतर बघू.” नवं घर लावता लावता ते ‘नंतर’ दीड महिना लांबलं.

समोरची काच साधी नसते. काचेचे दोन थर आणि मध्ये प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा अशी ती असते, म्हणून फुटली तरी अंगावर येत नाही, जागच्या जागी तडकते. (बाजूच्या काचा वेगळ्या, त्यांचा खडीसाखरेसारखा चुरा होतो.) टवका लहान असेल तर त्यात राळेसारखा द्रव भरून तो बुजवता येतो. बारीकशी खूण राहते, पण तडा पुढे सरकत नाही. मात्र टवका चालवणाऱ्याच्या ऐन नजरेसमोर असेल तर काच बदललेलीच बरी. तोवर टवक्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावा, म्हणजे धूळपाणी आत जात नाही. आणि उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका. मी नेमकं तेच केलं. जुलैतल्या एका उघडिपीच्या दिवशी अंगणात गाडी धुताना बादलीभर पाणी ओतलं आणि डोळ्यांदेखत तडा हातभर धावला! कपाळाला हात लावला झालं.

संध्याकाळी ह्यांनी सांगलीच्या एजंटला फोन केला. तो म्हणाला, “विम्यात टाका वहिनी, फुकट बसवून मिळेल.” हे खूश. मला ‘फुकट’ शब्द ऐकला की धास्ती वाटते. भाजीवाल्याची फुकटची कोथिंबीरसुद्धा कुठेतरी वसूल होते! मी पॉलिसीचा कागद काढून बसले.

गाडीच्या विम्याचे दोन भाग असतात. एक दुसऱ्याच्या नुकसानीचा, तो कायद्यानं सक्तीचा. दुसरा आपल्या स्वतःच्या गाडीचा. वर्षभर क्लेम केला नाही की या दुसऱ्या भागाच्या हप्त्यात सूट मिळते, तिला ‘नो क्लेम बोनस’ म्हणतात. ती पहिल्या वर्षानंतर 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि पाच वर्षांनी 50. एक क्लेम केला की ती शून्यावर येते, पुन्हा पहिल्या पायरीपासून चढा.

आमचं चौथं वर्ष संपून पाचवं चाललेलं, सूट 45 टक्के. ऑगस्टअखेर नवा हप्ता, तेव्हा 50 होणार होती. स्वतःच्या गाडीचा हप्ता सूट धरण्याआधी 8,000 रुपये. म्हणजे क्लेम केला तर यंदा 4,000 जादा. पुढल्या वर्षी 20 टक्केच सूट, म्हणजे 2,400 जादा, मग 2,000, मग 1,200, मग 400. बेरीज दहा हजार. गाडीची किंमत वर्षागणिक उतरते तसा हप्ताही उतरतो, म्हणून आठेक हजार धरा. आणि काच केवढ्याची? 7,200 रुपयांची. त्यातले पहिले 1,000 आपणच सोसायचे (पंधराशे सीसीपर्यंतच्या गाडीला एवढे, त्यावरच्या मोठ्या गाडीला 2,000). हातात पडणार सहा हजार, जाणार आठ हजार.

वही ह्यांच्यासमोर ठेवली. हे म्हणाले, “तू शाळेत गणित शिकवतेस की मराठी?” राग होता तो. कारण 7,200 रुपये काढायचे म्हणजे धाकटीच्या सायकलसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांना हात लागणार होता. दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. तिसऱ्या दिवशी ह्यांनी स्वतः बेरीज करून पाहिली आणि काचवाल्याकडे गाडी नेली. सायकल लांबली. धाकटीला अजून त्याचा राग आहे, आणि तो रास्त आहे.

पण प्रत्येकीनं असंच करावं असं नाही हं. काही पॉलिसींत थोडा जादा हप्ता घेऊन बोनस राखण्याची पुरवणी असते, ती असेल तर खुशाल क्लेम करा. महागड्या गाडीची काचही पुष्कळ महाग असते, तिथं आमचा हिशेब लागू नाही. काचेच्या किमतीतून विमा कंपनी झीज कापत नाही, रबरी पट्टीची मात्र निम्मी कापते. आणि क्लेम करायचाच असेल तर आधी कळवा, फोटो काढा, मग काच उतरवा. उलटं केलंत तर भांडत बसावं लागेल.

कागद चाळताना दुसरी गंमत कळली. पॉलिसीवर पत्ता सांगलीचा, ठीक. पण मोबाईल नंबर एजंटचा! हप्त्याची आठवण त्याच्याकडे जाणार आणि तो विसरला की आमचा विमा बुडणार. मुदत संपून 90 दिवस गेले तर साठवलेला बोनसही जातो. आणि मधल्या काळात अपघात झाला तर विचारूच नका. तुमचाही नंबर आजच बघा.

समोरच्या अक्का म्हणाल्या होत्या, “महाराष्ट्राचा विमा इथं चालत नाही, नवा काढा.” तसं काही नाही. विमा साऱ्या देशात चालतो. पत्ता बदलल्याचं कंपनीला लेखी कळवून पॉलिसीवर नोंद करून घ्यायची, एवढंच. नंबरपाटीचं मात्र तसं नाही. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी जुन्या आरटीओचा ना हरकत दाखला लागतो, त्याचा फॉर्म 28 नंबरचा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचंही पत्र हवं. नव्या राज्यात कर पुन्हा भरावा लागतो. जुन्या राज्यात एकरकमी भरलेल्यातला उरलेल्या वर्षांचा भाग परत मिळतो, पण अर्ज केला तरच. नवा नंबर आला की तो विम्यावरही चढवायचा, हे विसरू नका.

ज्यांच्या घरी वरचेवर बदल्या होतात त्यांनी नवी गाडी घेताना ‘बीएच’ मालिकेची चौकशी करावी. ती 2021 साली सुरू झाली. सरकारी नोकरांना, आणि चार किंवा जास्त राज्यांत कचेऱ्या असलेल्या कंपन्यांच्या नोकरांना ती मिळते. राज्य बदललं तरी पाटी तीच.

नवी काच बसवली त्या दिवशी कारागिरानं सांगितलं, “आज धुऊ नका, दारं आपटू नका, एक खिडकी बोटभर उघडी ठेवा.” चिकटवण सुकायला वेळ लागतो. ते सगळं पाळलं. पण जुन्या काचेबरोबर तिच्यावरचा फास्टॅगही गेला, हे आठवलं ते थेट टोलनाक्यावर! जादा पैसे मोजले.

दिवाळीत सांगलीला गेलो तेव्हा दाखल्याचा अर्ज दिला. चासिसच्या नंबरावर कागद धरून पेन्सिल घासून छाप घ्यायचा असतो. ह्यांना वाकवेना. शेवटी मीच पदर खोचून खाली वाकले, आणि धाकटीनं बॅटरी धरली.