बॉयकॉट : शस्त्र कोणाचे, कोणावर?

'बॉयकॉट' हा इंग्रजी शब्द आज मराठी माणसाच्याही तोंडी रुळला आहे. परंतु मुळात ते एका माणसाचे आडनाव होते. कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी. पिके बुडाल्यामुळे कुळांनी खंडात २५ टक्के सूट मागितली. ती नाकारून १८८० च्या सप्टेंबरात त्याने बेदखलीच्या नोटिसा काढल्या. बेदखल कुळाची जमीन जो घेईल त्याच्यावर हात न उगारता त्याच्याशी सर्व व्यवहार तोडा, असे पार्नेल या आयरिश नेत्याने त्याच महिन्यात एनिसच्या सभेत सांगितले होते. मेयोच्या कुळांनी हे शस्त्र थेट कारभाऱ्यावरच चालविले. गडीमाणसांनी काम सोडले, दुकानदारांनी माल नाकारला. पीक काढण्यासाठी अल्स्टरमधून ५० माणसे लष्कराच्या पहाऱ्यात आणावी लागली. डिसेंबरात बॉयकॉटने आयर्लंड सोडले; आडनाव मात्र क्रियापद होऊन राहिले.

मराठीने या शब्दाला 'बहिष्कार' हा प्रतिशब्द दिला. १९०५ नंतर विलायती मालाच्या संदर्भात तो घरोघर पोचला. पण बहिष्काराची दुसरी, जुनी ओळख या भूमीला होतीच. ती जातीची होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ मध्ये आपल्या पाक्षिकाला 'बहिष्कृत भारत' हे नाव दिले, ते याच अनुभवातून. ते स्वतः सदस्य असलेल्या स्टार्ट समितीने १९३० मध्ये नोंदविले, की अस्पृश्य हक्क बजावू लागले की गाव त्यांचे काम बंद करते, कसायला दिलेली जमीन काढून घेते.

कृती वरवर एकच. अर्थ मात्र परस्परविरोधी. मेयोत ज्यांच्या हाती ना जमीन, ना सत्ता, त्यांनी आपले श्रम काढून घेतले. इकडे ज्यांच्या हाती जमीन आणि दुकान, त्यांनी दुसऱ्याची भाकर काढून घेतली. पहिला प्रतिकार, दुसरा जुलूम. हा जुलूम रोखण्यासाठी महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला.

आजही एखाद्या वस्तीतील फेरीवाल्याकडून काही घेऊ नका असे फर्मान निघते आणि त्याला 'बॉयकॉट' हे प्रतिष्ठित नाव दिले जाते. अशा वेळी कार्यकर्त्याने शब्दाच्या मोहात न पडता एवढेच विचारावे : हे शस्त्र कोणाच्या हातात आहे आणि कोणाच्या पोटावर चालते आहे? उत्तर मिळाले, की बाजू ठरविणे अवघड राहत नाही.