पाकीट आणि मजकूर

गेल्या चातुर्मासांत आमचें निवृत्तिवेतन दोन महिने अडकलें. एका कचेरीच्या यंत्रानें दुसरीच्या यंत्रास धाडलेल्या निरोपांत आमची जन्मतारीख ९ मार्च १९५८ ची ३ सप्टेंबर झाली होती. वाण्याचें खातें चढलें. सूनबाईंस आमच्यासमोर हिशेब मांडतांना संकोच होऊं लागला. दिवाळीस पुण्याहून पुतण्या आला. तो जावा भाषेंत अशाच निरोपांच्या सेवा रचतो. नागघाटावर बसून आम्हीं त्यास विचारलें, "अरे, हीं यंत्रें परस्परांशीं बोलतात तरी कशीं?"

तो म्हणाला, "काका, पाकिटानें." या संकेतास 'सोप' म्हणतात, त्याची १.२ ही आवृत्ति डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेनें २००३ सालीं मान्य केली. पाकिटांत वर शीर्ष, खालीं देह, आणि सारा मजकूर एक्सएमएलच्या खुणांनीं बांधलेला. तें हातानें बांधावें लागत नाहीं. आयबीएमनें आपलें साधन २००० सालीं अपाची संस्थेस दिलें. तेथें पुढें सारें नव्यानें रचून 'ॲक्सिस' झालें. २००६ मधील 'ॲक्सिस २' च्या घडणींत श्रीलंकेंतील तरुणांचा मोठा वांटा होता, हें ऐकून आम्हांस कौतुक वाटलें. दोन पक्षांचें करारपत्र या साधनास दिलें कीं जावांतील पुष्कळसा मजकूर तें आपणच लिहून देतें.

"मग आमची तारीख उलटली कशी?" करारांत आधीं वर्ष, मग महिना, मग दिवस असा क्रम ठरलेला असतो. तारीख त्या क्रमांत बसविण्यापूर्वींच कोणी दिवस-महिन्याची अदलाबदल केली, तर साधनास दोष दिसत नाहीं. आमचा जन्म पंचवीस तारखेचा असता तर पंचविसावा महिना पाहून निरोप तेथेंच परत फिरला असता! नऊ तारखेला जन्मल्याचा हा दंड.

आम्हांस हुंडी आठवली. खाडाखोड पकडावी म्हणून सावकार रकमेबरोबर तिची निमेही लिहीत. पुतण्याही तसेंच करतो: मार्चचा जन्म असेल तर अठ्ठावन्नाव्या वर्षीं निवृत्ति ३१ मार्चला पडली पाहिजे, दोन्ही तारखा जुळल्या नाहींत तर निरोप अडवावयाचा. हा नियम मात्र साधन लिहीत नाहीं. तो त्यालाच लिहावा लागतो.

थकबाकी मार्गशीर्षांत मिळाली, वाणी फिटला. कचेरीच्या नव्या कागदावर तारीख बरोबर आहे. आडनांवांत एक काना कमी.