‘संपलं’ कुणी काढून टाकलं?

दिवाळीत घरी गेलात की हे दृश्य तुम्ही पाहिलेलं असणार. ताईचं तीन-चार वर्षांचं पोरगं, समोर मऊ वरणभात आणि पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेला मोबाइल. पडद्यावर रंगीत बस फिरतेय, गाणं चालू आहे, पोराचं तोंड आपोआप उघडतंय आणि आजी घास भरवतेय. ताट संपतं. ताई हळूच मोबाइल उचलते आणि मग जो काही आकांत होतो! शेजारच्यांनी येऊन विचारावं असा. कुणीतरी म्हणतंच, ‘हल्लीची पोरं फार हट्टी झालीत गं.’ दुसरं कुणी ताईलाच टोमणा मारतं, ‘तुम्हीच सवय लावलीत.’ आणि सोफ्यावर पडून रील्स बघणारे आपण मान वर न करता ‘हो ना’ म्हणतो.

त्याच रात्री ‘फक्त पाच मिनिटं’ म्हणून आपण उघडलेलं ॲप एक वाजता बंद होतं. काय काय पाहिलं ते आठवतही नाही. सकाळी स्वतःवर चिडचिड होते, ‘उद्यापासून नाही’ असं ठरतं. तुमच्यात आणि त्या भाच्यात फरक एवढाच, की तुम्हाला निदान चिडता तरी येतं. आपल्याला काय होतंय हे त्याला कळतही नाही.

आमचं म्हणणं असं, की तुम्हा दोघांवर एकच यंत्र काम करतंय. त्याला हट्ट, सवय, कमकुवत मन अशी नावं देणं फार सोयीचं आहे. कुणाच्या सोयीचं, तेवढं बघायला हवं.

आईबाबांना एकदा विचारून बघा. रविवारी सकाळी टीव्हीवरचा लहान मुलांचा कार्यक्रम अर्ध्या तासात संपायचा. मग बातम्या लागायच्या आणि मुलं आपसूक उठून खाली खेळायला जायची. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय. शेवटचं पान आलं की पुढच्या अंकासाठी महिनाभर थांबायचं. त्या पिढीकडे लोखंडी मनोनिग्रह होता असं मुळीच नाही. गोष्ट संपायची, म्हणून मुलं थांबायची. (तुम्ही वाचताय ती पुरवणीसुद्धा थोड्या पानांत संपते. त्याबद्दल आमच्यावर कुणी कधी रागावलेलं नाही.)

२००६ मध्ये अझा रास्किन नावाच्या अमेरिकन डिझायनरने ‘इन्फिनिट स्क्रोल’ तयार केलं. त्याआधी पानाच्या तळाशी ‘पुढचं पान’ असं बटण असायचं. ते दाबायला बोट थांबायचं आणि त्या क्षणभरात ‘पुरे आता’ असं मनात यायला जागा मिळायची. रास्किनचा हेतू वाईट नव्हता, वापरणाऱ्याचा एक क्लिक वाचावा इतकाच होता. नंतर त्याने स्वतःच याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. मग ऑटोप्ले आलं. एक व्हिडिओ संपायच्या आत दुसरा तयार. म्हणजे आधी बघत राहण्यासाठी काहीतरी करावं लागायचं, आता थांबण्यासाठी करावं लागतं. ही अदलाबदल दिसायला किरकोळ आहे, पण सगळी मेख तिथेच आहे. कारण स्वतःला आवरण्याचं काम मेंदूचा कपाळामागचा जो भाग करतो, तो पूर्ण पक्व व्हायला वयाची पंचविशी येते. (म्हणजे तुमचाही अजून पूर्ण झालेला नाही, रागावू नका.) तीन वर्षांच्या पोराकडून त्या कामाची अपेक्षा करणं म्हणजे त्याला गॅस सिलिंडर उचलायला सांगण्यासारखं आहे.

दुसरी युक्ती जत्रेतली. रिंग फेकायच्या स्टॉलवर पाच रिंगांपैकी एखादी साबणावर पडते, बाकीच्या फुकट जातात. प्रत्येक रिंगेला साबण मिळाला असता, तर दहा मिनिटांत कंटाळा आला असता. कधी मिळेल ते माहीत नसतं, म्हणून हात थांबत नाही. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी गेल्या शतकात कबुतरांवर हेच दाखवून दिलं होतं. दाणा किती टोचा मारल्यावर मिळेल याचा नेम नसला, की कबुतर सर्वांत चिकाटीने टोचत राहतं. फीड बोटाने खाली ओढून सोडलं, की क्षणभर ते गोल फिरतं आणि मग काहीतरी नवं येतं, कधी भारी, कधी फालतू. रिंग फेकणंच आहे ते. फरक एवढाच, की जत्रा दोन दिवसांत उठते.

आणि स्ट्रीक! सातवी-आठवीतल्या बहिणीला विचारा. मैत्रिणीला रोज एक फोटो पाठवायचा, तिनेही पाठवायचा. एक दिवस चुकला की आकडा शून्यावर. मग फोटो कसला? भिंतीचा, छताचा, अर्ध्या कपाळाचा. गावाला रेंज नसेल तर पासवर्ड दुसऱ्या मैत्रिणीकडे द्यायचा, ‘माझी स्ट्रीक सांभाळ गं.’ तेरा वर्षांच्या मुलीसाठी मैत्री हेच तेव्हा जग असतं. त्या जगाला आकडा लावायचा आणि तो आकडा तुटण्याची भीती घालायची, याला आम्ही तरी गंमत म्हणणार नाही.

मुलांचं नेमकं किती नुकसान होतं यावर संशोधकांमध्ये वाद आहेत, ते लपवायचं कारण नाही. मोबाइलमुळे नैराश्य येतं की आधीच उदास असलेली मुलं मोबाइलकडे जास्त वळतात, याचं एका ओळीत उत्तर मिळत नाही. पण काही गोष्टी मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. किशोरवयात आठ ते दहा तास झोप लागते. रात्री एकपर्यंत स्क्रोल करून सकाळी साडेसहाची स्कूलबस पकडणाऱ्याला ती मिळत नाही. ‘असर’च्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयोगटातल्या मुलांना विचारलं होतं. स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी साधारण ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, तर ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. आणि २०२१ मध्ये फ्रान्सिस हॉगन यांनी फेसबुकची आतली कागदपत्रं बाहेर आणली, त्यात कंपनीच्याच संशोधनाची एक नोंद होती. स्वतःच्या शरीराबद्दल वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाईट वाटतं, असं ३२ टक्के किशोरवयीन मुलींनी सांगितलं होतं. आपल्या संशोधनाचा चुकीचा अर्थ लावला गेला, असं कंपनीचं म्हणणं. असेलही. पण प्रश्न त्यांनाही पडला होता, हे तर खरं.

आता सांगली जिल्ह्यात या. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो. गावातले टीव्ही आणि मोबाइल बंद. मुलं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं वाचतात, गप्पा मारतात. साडेआठला पुन्हा भोंगा, मग ज्याचं त्याने बघावं. कोरोनात शाळा मोबाइलवर आली, पण शाळा उघडल्यावर मोबाइल काही हातातून सुटेना, म्हणून गावाने एकत्र बसून हे ठरवलं. याची देशभर बातमी झाली, कौतुक झालं आणि ते योग्यच होतं. ॲपने काढून घेतलेलं ‘संपलं’ या गावाने भोंग्याने परत आणलं.

पण कौतुक करताना एक खटकतं. एका बटणाने होण्यासारखं काम अख्ख्या गावाला भोंगा लावून का करावं लागतं?

ते बटणाने होतं, याचा पुरावा आहे. ब्रिटनमध्ये मुलांसाठीची डिझाइन-संहिता २०२० मध्ये आली. कंपन्यांना बदलासाठी वर्षभराची मुदत होती, ती २ सप्टेंबर २०२१ ला संपत होती. आता या तारखा शेजारी ठेवून बघा. जुलै २०२१ च्या अखेरीस इन्स्टाग्रामने जाहीर केलं, की सोळा वर्षांखालच्यांची नवी खाती आपोआप खासगी राहतील. ऑगस्टमध्ये यूट्यूबने जाहीर केलं, की अठरा वर्षांखालच्यांसाठी ऑटोप्ले मुळातच बंद असेल. त्याच आठवड्यात टिकटॉकने किशोरांना रात्रीच्या नोटिफिकेशन थांबवण्याचं ठरवलं. मुदत संपत आली आणि महिन्याभरात तिघांना एकदम मुलांची काळजी वाटू लागली! आमचा मुद्दा टोमण्याचा नाही. ऑटोप्ले म्हणजे काही पावसाळा नाही, तो कुणीतरी सुरू केलेला असतो आणि सांगितलं की बंदही करता येतो, एवढंच यातून दिसतं.

मग आपल्याकडे काय? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं नववं कलम वाचण्यासारखं आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांवर पाळत ठेवायची नाही, त्यांना हेरून जाहिराती दाखवायच्या नाहीत, त्यांच्या हिताला बाधा येईल अशा प्रकारे त्यांची माहिती वापरायची नाही. कायद्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं. कलम चांगलं आहे, मात्र स्क्रोल किंवा ऑटोप्ले हे शब्द त्यात नाहीत. ऑस्ट्रेलियाने तर डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्यांना सोशल मीडियावर खातंच ठेवायला मनाई केलीय.

हे सगळे उपाय खातेदाराच्या वयावर चालतात आणि आपल्या घरांची अडचण नेमकी तीच आहे. इथे प्रत्येक पोराला वेगळा फोन कुठे असतो? भाचा बसचं गाणं बघतो ते ताईच्या फोनवर, ताईच्या खात्यावर. ॲपच्या हिशेबी ते गाणं बत्तीस वर्षांची बाई दिवसातून चाळीस वेळा बघतेय. तिला कुठलंही संरक्षण लागू नाही, ऑटोप्ले चालूच. म्हणून ‘मुलांसाठी वेगळं सेटिंग’ यावर आम्ही फारसे खूश नाही. थांबा मुळातच असावा, सगळ्यांसाठी. ज्याला पुढे बघायचंय त्याने बटण दाबावं. मोठ्यांचाही एक क्लिक वाढेल, वाढू दे.

‘आईवडिलांनी लक्ष द्यायला नको का?’ असं विचाराल. द्यायलाच हवं. पण दोघं नोकरीवर, घरात एक आजी, दोन खोल्या, बाहेरच्या मैदानाचं पार्किंग झालेलं. अशा घरात मोबाइल हाच सर्वांत स्वस्त पाळणाघर ठरतो. एका बाजूला दमलेली ताई, दुसऱ्या बाजूला तिच्या पोराने आणखी किती मिनिटं थांबावं यावर पगार घेणारी हुशार माणसांची टीम. या सामन्यात ताईला नापास करणं आम्हाला जमणार नाही.

आणि त्या टीममध्ये उद्या तुमच्यातलेच काही जण असणार आहेत. हिंजवडीत, बंगळुरूत, कदाचित कॅलिफोर्नियात. कुणी कोड लिहील, कुणी रंग निवडेल, कुणी नोटिफिकेशनमधलं ते लाडीगोडीचं वाक्य. तिथे कुणी तुम्हाला ‘मुलांना नादी लावा’ असं सांगणार नाही. ‘सेशन टाइम वाढवा’ म्हणतील, ‘रिटेन्शन’ म्हणतील. आकडा वाढला की बोनस मिळेल. पहिल्या नोकरीत नाही म्हणणं सोपं नसतं, याची आम्हाला जाणीव आहे. प्रश्न विचारणं मात्र जमतं.

म्हणून दोन कामं. पहिलं आजच्या आज. घरी आईच्या, ताईच्या फोनमध्ये जाऊन ऑटोप्ले बंद करा. यूट्यूबच्या सेटिंग्जमध्ये ते सापडतं, मिनिटभर लागेल. भाचा पहिले दोन दिवस रडेल, त्याला सांगून ठेवा की दोन गाणी झाली की बस डेपोत जाते. दुसरं काम प्लेसमेंटच्या वेळी. मुलाखतीच्या शेवटी ते विचारतातच, ‘तुम्हाला काही विचारायचंय का?’ तेव्हा पॅकेजच्या आधी हे विचारून बघा: तुमच्या ॲपमध्ये ‘संपलं’ कुठे येतं? समोरचे काय म्हणाले, ते आम्हाला जरूर कळवा.