बोटातून निघणारा खडू

गेल्या थंडीत शिवणकाम करणाऱ्या एक बाई दवाखान्यात आल्या. वय ४५ च्या आसपास. उजव्या हाताची तर्जनी चिंधीत गुंडाळलेली. चिंधी सोडून पाहिले तर बोटाचे टोक लाल, सुजलेले आणि मधोमध पांढरा ठिपका. "डॉक्टर, पू नाही हा, चुना आहे. मी सुईनं काढते अधूनमधून," असे म्हणून त्यांनी पदराची गाठ सोडली आणि कागदाच्या पुडीतला पांढरा भुगा माझ्यासमोर ठेवला. हुबेहूब फळ्यावरच्या खडूचा चुरा!

एका ठिकाणी त्यांना 'युरिक ॲसिड' सांगून डाळी बंद केल्या होत्या. दुसऱ्या ठिकाणी 'कॅल्शियम वाढले' म्हणून दूध, दही, ताक बंद. डाळ नाही, दूध नाही, मग राहिले काय? भाकरी आणि चटणी. आणि छातीत जळजळ होते म्हणून त्या माझ्याकडे चार वर्षे येत होत्या!

सांगायला लाज वाटते, पण सांगतो. त्या चार वर्षांत मी त्यांना ॲसिडिटीच्या गोळ्या देत राहिलो. घास अडकतो, हे त्यांनी सांगितले होते. थंड पाण्यात हात घातला की बोटे पांढरीफटक पडतात, मग निळी होतात, हेही सांगितले होते. मी त्यांचा हात हातात घेऊन एकदाही नीट पाहिला नाही. पाहिला असता तर बोटांची कातडी ताणलेली, चकचकीत झाली आहे, चिमटीत धरता येत नाही, हे तेव्हाच कळले असते.

या आजाराचे नाव स्क्लेरोडर्मा. शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच शरीरावर उलटते, बारीक रक्तवाहिन्या अरुंद होतात आणि कातडी घट्ट होत जाते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा कितीतरी अधिक आढळतो. बोटे पांढरी पडण्याच्या प्रकाराचे वर्णन मॉरिस रेनॉ या फ्रेंच डॉक्टरांनी १८६२ सालीच केले होते, म्हणून त्याला रेनॉचे नाव आहे. आजार सुरू होऊन काही वर्षे लोटली की अनेक रुग्णांच्या कातडीखाली कॅल्शियमचे खडे साचू लागतात. बहुतेक बोटांच्या टोकांशी, कोपरांवर, गुडघ्यांवर. म्हणजे जिथे घासते, दाबते, मार बसतो तिथे.

आता मुख्य मुद्दा. हे कॅल्शियम दुधातून आलेले नाही. अशा रुग्णांच्या रक्तातले कॅल्शियम तपासले तर ते बहुधा अगदी योग्य प्रमाणात असते. रक्तपुरवठा कमी पडून जिथे पेशी दुखावतात, तिथे ते जाऊन बसते. दूध तोडून खडा विरघळत नाही, हाडे मात्र कमकुवत होतात. चाळिशीपुढच्या बाईने हे नुकसान का सोसावे? आपल्याकडे आजाराचे नाव कळण्याआधी पथ्य सुरू होते, आणि त्यात आम्ही डॉक्टरही मागे नाही.

खडा ओळखायला साधा एक्स-रे पुरतो. हाडाबाहेर पांढरे ठिपके स्वच्छ दिसतात. हा खडा हमखास विरघळवील असे औषध आजही नाही. डिल्टियाझेमसारखी औषधे वापरून पाहतात, कुणाला गुण येतो, कुणाला येत नाही. फार दुखत असेल, वारंवार पिकत असेल तर शस्त्रक्रियेने काढतात. पण अशा बोटाची जखम भरायला वेळ लागतो, म्हणून ते काम जाणत्या सर्जनचे. घरच्या सुईचे तर मुळीच नाही. सुईच्या छिद्रातून जंतू शिरले की ते हाडापर्यंत पोचू शकतात आणि बोटाचे पेर गमवावे लागते. खडा आपणहून फुटला तर जागा स्वच्छ धुवावी, कोरडी झाकावी आणि लाली, ठणका, ताप दिसताच दवाखाना गाठावा.

हात ऊबदार ठेवणे हे अर्धे औषध समजा. थंडीत हातमोजे घाला, भांडी कोमट पाण्याने घासा. विडी-सिगारेट बंद, तंबाखू बंद आणि मिश्रीसुद्धा बंद. मिश्री म्हणजे तंबाखूच, त्यातले निकोटीन रक्तवाहिन्या आवळते. माझ्या या बाई दिवसातून तीनदा मिश्री लावत होत्या आणि तेही मी कधी विचारले नव्हते. आणखी एक: दुकानातून परस्पर स्टेरॉइडच्या गोळ्या आणून घेऊ नका. या आजारात त्या जास्त मात्रेत घेतल्यास मूत्रपिंडावर अचानक संकट येऊ शकते.

हा आजार फुप्फुस आणि हृदयापर्यंतही जातो. त्यामुळे खडा दिसला की नुसते बोट बांधून रुग्णाला घरी पाठवणे बरोबर नाही. रक्तदाब, छातीची तपासणी, श्वासाची चाचणी, हृदयाचा इको हे सारे व्हायला हवे. आपल्या गावात ते सारे नसेल, तर वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चिठ्ठी देऊन पाठवणे हे आमचे काम.

बाईंना मी तशी चिठ्ठी दिली. महिनाभराने त्या परत आल्या. बोट वाचले आहे, मिश्री सुटते आहे, दही सुरू झाले आहे. त्या दिवशी मी आधी त्यांचे दोन्ही हात पाहिले. डाव्या कोपरावर एक खडा नव्याने सापडला.