तटस्थतेचा नियम आणि खानदेशातील लहान इंटरनेटवाले

धुळे शहर ज्या भूमीवर वसले आहे, तेथे मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन हमरस्ते एकमेकांस छेदतात. त्यामुळे नाक्यावर कोणाची गाडी आधी सोडावी, कोणाची खोळंबवावी आणि कोणाकडून किती जकात घ्यावी, हा प्रश्न या मुलखाच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या परिचयाचा आहे. इंटरनेटच्या तारेविषयी ‘नेट न्यूट्रॅलिटी’ या नावाने चाललेला वाद मुळात याच जातीचा होय. तारेच्या मालकाने तारेतून जाणाऱ्या मजकुरात आपपरभाव करावा काय, एवढाच त्याचा आशय आहे. ‘ट्राय’ या दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी मजकूर पाहून दर ठरविण्यास मनाई केली, तेव्हा निवडक संकेतस्थळे फुकट देणाऱ्या फेसबुकच्या ‘फ्री बेसिक्स’ योजनेस भारतातून गाशा गुंडाळावा लागला. आणि मजकूर अडविणे, मंदावणे वा त्यास अग्रक्रम देणे यांस प्रतिबंध करणाऱ्या ट्रायच्या शिफारशी केंद्र सरकारने ११ जुलै २०१८ रोजी मान्य केल्या.

या नियमांनी लहान प्रदाता भरडला जातो, असा युक्तिवाद वारंवार ऐकू येतो. मला तो मान्य नाही. चोपडा, रावेर, साक्री यांसारख्या तालुक्यांत खांबाखांबावरून तार ओढून घरोघरी इंटरनेट पोहोचविणारा मनुष्य ज्या बड्या कंपनीकडून घाऊक बँडविड्थ विकत घेतो, तीच कंपनी पुष्कळदा किरकोळ बाजारात त्याची प्रतिस्पर्धी असते. आणि उद्या हा नियम उठला, तर एखाद्या चित्रपट-संकेतस्थळाशी करार करून ते आपल्या ग्राहकांना फुकट देण्याचे सामर्थ्य त्या कंपनीजवळ असेल, आपल्या या तालुक्यातील माणसाजवळ नव्हे. बड्या दूरसंचार कंपन्यांनी अलीकडे गुगल, नेटफ्लिक्स यांसारख्यांकडून जाळ्याच्या खर्चाचा ‘न्याय्य वाटा’ मागण्यास आरंभ केला आहे, त्याचीही गत हीच. कोट्यवधी ग्राहक असणाऱ्यास तो वाटा मिळेल, तीनशे ग्राहकांच्या धन्यास कोण विचारणार? दक्षिण कोरियात अशाच वहनशुल्काच्या ओझ्यामुळे ‘ट्विच’ या थेट व्हिडिओ-प्रक्षेपण सेवेने फेब्रुवारी २०२४ मध्ये आपला कारभार बंद केला, आणि तेथील प्रेक्षक एका सेवेस मुकला.

तथापि लहानांची एक तक्रार सर्वथैव खरी आहे. २०१६ च्या विनियमांत दररोज पन्नास हजार रुपये, कमाल पन्नास लाख, असा दंड आहे; तो कोट्यवधींच्या कंपनीस आणि एका जिल्ह्यापुरता ‘क’ वर्गाचा परवाना घेणाऱ्यास सारखाच. तीनशे घरांकडून दरमहा पाचशे रुपये घेणाऱ्याची सबंध वसुली दीड लाख, म्हणजे तीन दिवसांचा दंड! शिवाय लोकप्रिय मजकुराचे साठे ग्राहकाच्या जवळ ठेवणारी वितरणजाळी ट्रायने या नियमांच्या कक्षेबाहेर ठेवली. तो साठा आपल्या दालनात बसविण्याइतकी रहदारी ज्याच्याकडे नाही, त्याच्या ग्राहकाचा व्हिडिओ दूरवरून, घाऊक दराच्या वाटेने येतो. नियमाची तटस्थता येथे अपुरी पडते; ती पुरी करावयास हवी, मोडावयास नको.

म्हणून जळगाव, रावेर, धुळे आणि नंदुरबार या चारही मतदारसंघांच्या खासदारांना माझी विनंती आहे, की दंड उत्पन्नाच्या प्रमाणात असावा आणि मजकुराचे साठे लहान प्रदात्यांस सामाईकपणे वापरण्याची मुभा असावी, या दोन मागण्या त्यांनी संसदेत मांडाव्यात, आणि तटस्थतेच्या मूळ नियमास मात्र कोणास हात लावू देऊ नये.