सांजेपर्यंतचा विटाळ



मी मुंबईच्या गोदीत गोण्या उचलतो. शिक्षण मॅट्रिक. गाव जालना जिल्ह्यातलं. पाळी सुटली की नळाखाली बसायचं, अंग घासायचं. धूळ निघते, घाम निघतो, माणूस मोकळा. पण माझा आजा गावची मेलेली ढोरं ओढायचा. त्याच्या अंगाला गावानं जे चिकटवलं ते कुठल्याच पाण्यानं निघालं नाही.

आमच्या टोळीत एक दोस्त आहे, जालन्याजवळच्या बेथेलचा. जातीनं मांग, धर्मानं ख्रिस्ती. जेवणाच्या सुट्टीत त्यानं बायबलातलं लेवीय पुस्तक पुढं केलं. ११ वा अध्याय. मेलेल्या जनावराला शिवला तो सांजेपर्यंत अशुद्ध. उचलून नेलं तर कपडे धुवायचे, तरी सांजेपर्यंतच.

मी म्हणलं, "बस्स? सांजेपर्यंत?"

"व्हय. दिस बुडाला की फिटलं."

माझ्या आज्याचा दिवस सत्तर वर्षं बुडालाच नाही!

पुढं 'गणना'चा १९ वा अध्याय वाचला. माणसाच्या प्रेताला शिवलं तर सात दिवस विटाळ. तांबड्या कालवडीची राख पाण्यात कालवून तिसऱ्या नि सातव्या दिवशी शिंपडायची. ती राख गोळा करणाराही सांजेपर्यंत अशुद्ध. इस्राएली असो की त्यांच्यात राहणारा परका, कायदा एकच. म्हणजे विटाळ घडलेल्या गोष्टीचा, जन्माचा नाही. बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स' या १९४८ च्या ग्रंथात हाच फरक उघडा केला. विटाळ जगभर होता. पण अख्ख्या जाती पिढ्यान्‌पिढ्या विटाळात डांबणं, ही करामत इथलीच.

म्हणून मोशेच्या कायद्याची आरती ओवाळायचं कारण नाही. त्यातही पोरगा झाला तर बाई ४० दिवस अशुद्ध, पोरगी झाली तर ८०. शुद्ध कोण हे ठरवणारा भट तिथंही होताच.

आता बेथेलचं ऐका. हे गाव वसवलं रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी. जन्मानं ब्राह्मण, १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांच्या घरी राहिला, जेवला. तो अज्ञान म्हणून कोर्टानं त्याला बापाच्या हवाली केलं. मग वाद पेटला, की बाटलेला पोरगा शुद्ध होतो की नाही? बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूनं उभे राहिले. प्रायश्चित्त द्या, जातीत घ्या, म्हणाले. सनातनी त्यांच्यावर तुटून पडले. पण ब्राह्मणाच्या पोरासाठी निदान वाद तरी झाला! शेषाद्रींकडे आलेल्या जालन्याच्या मांगांसाठी कुठल्या शास्त्र्यानं पोथी उघडली? त्यांना प्रायश्चित्तच नव्हतं, कारण त्यांचा गुन्हाच नव्हता. १९२७ साली महाडला आपण ओंजळभर पाणी प्यालो, तर तळं बाटलं. मग त्यांनी त्यात गाईचं शेणमूत ओतून ते 'शुद्ध' केलं. तळं शुद्ध होतं, आपण नाही!

आणि सरकार? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जात फक्त हिंदूंना दिली. १९५६ ला शीख आले, १९९० ला आपण बौद्ध आलो. ख्रिस्ती अजून बाहेर, मुसलमानही बाहेर. माझा दोस्त गावात मांगच आहे, कचेरीत मात्र ख्रिस्ती. त्याच्या बाप्तिस्म्याच्या पाण्यानं जात धुतली नाही, नुसतं सर्टिफिकेट धुऊन निघालं.

आपल्याला सवलत मिळाली म्हणून गप बसायचं? साला, मग आपणही शुद्ध-अशुद्धचा तोच खेळ खेळतोय.

आपल्याला कुणाकडूनही शुद्ध होऊन घ्यायचं नाही. ना पंचगव्यानं, ना राखेनं. आपण घाण कधी नव्हतोच. काढायचीच असेल तर त्या आदेशातली धर्माची अट काढा. आणि ही मागणी बेथेलच्या आधी आपल्या वस्तीतून उठली पाहिजे.